धर्मपरिषद, भाषा आणि पुराण : ट्रेंट ते दुसरी व्हॅटिकन परिषद आणि मराठी कॅथलिक वाङ्मय

१

कॅथलिक चर्चच्या वैश्विक धर्मपरिषदांचा विचार बहुधा धर्मशास्त्राच्या किंवा चर्चच्या इतिहासाच्या अंगाने केला जातो. इ. स. ३२५ मधील नायसियाच्या परिषदेपासून १९६२–६५ मधील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत कॅथलिक चर्च अशा एकवीस परिषदा मानते. त्यांतील श्रद्धावचने, पाखंडमतांचे खंडन, पोप आणि परिषद यांच्या अधिकारांचा वाद हे विषय धर्मपंडितांचे म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांनी सहसा बाजूला ठेवले. परंतु धर्मपरिषद ही मुळात शब्दांविषयी निर्णय करणारी संस्था आहे. कोणता ग्रंथ प्रमाण, कोणता पाठ अधिकृत, कोणत्या भाषेत प्रार्थना करावयाची, काय वाचावयाचे आणि काय वाचावयाचे नाही, हे ती ठरवते. ज्या समाजात धर्मग्रंथ हाच लेखनवाचनाचा मुख्य आधार असतो, तेथे हे निर्णय वाङ्मयप्रकारांचे भवितव्यही ठरवतात. मराठीतील कॅथलिक वाङ्मयाच्या संदर्भात हा संबंध कसा घडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

या विचारासाठी म्हैसूरचा परिसर विशेष सोयीचा ठरतो. म्हैसूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. कॅनरा किनाऱ्यावरील कॅथलिक समाजाला १७८४ मध्ये टिपू सुलतानाने येथे बंदी करून आणले आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत त्यांतील उरलेले लोक या प्रदेशात राहिले. बंदिवासाच्या या काळात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्यांनी या लोकांची श्रद्धा टिकवून धरली, अशी परंपरा त्या समाजात सांगितली जाते. दुसरीकडे, म्हैसूर शहरालगत चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी अंजली आश्रम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे भारतातील एक प्रमुख भाष्यकार डी. एस. अमलोरपवदास यांनी तो उभारला. पहिले स्थळ ट्रेंटच्या परिषदेनंतर निर्माण झालेल्या एका मराठी ग्रंथाच्या स्मृतीशी निगडित आहे. दुसरे व्हॅटिकनच्या परिषदेने मोकळ्या केलेल्या वाटेशी. या दोन परिषदांमधील चारशे वर्षांत मराठीने कोणते रूप घेतले, काय मिळविले आणि काय गमावले, हा येथील प्रश्न आहे.

२

परिषदेचा शब्दाशी असलेला संबंध नायसियापासूनच स्पष्ट आहे. पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, हे सांगण्यासाठी त्या परिषदेने वापरलेली ग्रीक संज्ञा बायबलमध्ये नाही. धर्मग्रंथाबाहेरचा शब्द धर्मग्रंथाचा अर्थ निश्चित करण्यासाठी स्वीकारला गेला आणि पुढील शतकांतील वाद त्या एका शब्दाभोवती फिरत राहिला. २०२५ मध्ये या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या शब्दाचे भाषांतर करणे आजही कोणत्याही भारतीय भाषेला सोपे गेलेले नाही.

परिषदेचा शब्द किती दूरवर पोहोचतो, याचे दक्षिण भारतातील उदाहरण म्हणजे उदयंपेरूरची धर्मसभा. ४३१ मध्ये एफेससच्या परिषदेने नेस्टोरियसच्या मताचा निषेध केला. त्यानंतर सुमारे अकराशे अडुसष्ट वर्षांनी, १५९९ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी केरळातील संत थॉमस ख्रिस्ती समाजाची सभा उदयंपेरूर येथे बोलावली. तेथील सिरियाक ग्रंथांत नेस्टोरियसचे मत आहे, असा ठपका ठेवून त्यांतील काही दुरुस्त करण्यात आले, काही नष्ट करण्यात आले. मलबारमधील उपासनेची भाषा कोणत्या शब्दांत बोलावी, याचा निवाडा अशा प्रकारे एका प्राचीन ग्रीक वादाच्या आधारे आणि ट्रेंटच्या शिस्तीच्या बळावर झाला. हेच मेनेझिस पुढे १६०६ मध्ये गोव्यातील पाचव्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष होते, आणि त्यानंतर दहा वर्षांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सिरियाक ग्रंथांचा नाश आणि मराठी पुराणाचा जन्म या परस्परविरोधी घटना एकाच व्यवस्थेच्या पोटात घडल्या, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे.

३

ट्रेंटची परिषद १५४५ ते १५६३ या काळात, मधल्या खंडांसह, भरली. प्रॉटेस्टंट चळवळीने उभ्या केलेल्या आव्हानाला उत्तर देणे हे तिचे मुख्य प्रयोजन. भाषेच्या दृष्टीने तिच्या तीन निर्णयांचा विचार करावा लागतो.

पहिला निर्णय १५४६ चा. बायबलमधील ग्रंथांची यादी परिषदेने निश्चित केली आणि ‘वुल्गाता’ हे जुने लॅटिन भाषांतर अधिकृत ठरवले. लोकभाषांतील भाषांतरे असावीत की नसावीत, यावर परिषदेत तीव्र मतभेद झाले. अंतिम निर्णय मात्र परिषदेने केला नाही. १५६४ मध्ये पोप चौथे पायस यांनी परिषदेच्या वतीने प्रसिद्ध केलेल्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतील नियमांनी ती पोकळी भरून काढली. लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी बिशपची किंवा इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक झाली. दुसरा निर्णय १५६२ चा. मिस्सा सर्वत्र लोकभाषेत व्हावा हे मत परिषदेने नाकारले. पण त्याच प्रकरणात धर्मगुरूंनी मिस्सातील पाठांचा अर्थ लोकांना वारंवार समजावून सांगावा, अशी आज्ञाही केली. तिसरा निर्णय धर्मशिक्षणाविषयीचा : संस्कारांचे स्पष्टीकरण लोकांच्या भाषेत झाले पाहिजे.

या तिन्हींचा एकत्र परिणाम विलक्षण आहे. ग्रंथ लॅटिनमध्ये राहणार, विधी लॅटिनमध्ये राहणार. मात्र विवरण लोकभाषेत होणार. म्हणजे परिषदेने लोकभाषेला हाकलले नाही. तिला भाष्याची जागा दिली. मूळ संहितेचे आसन लॅटिनचे आणि टीकेचे आसन लोकभाषेचे, अशी ही वाटणी होती. मराठीला ही वाटणी अपरिचित नव्हती. गीता संस्कृतात आणि तिचे विवरण ओवीत, ही ज्ञानेश्वरांपासूनची रीत आहे. ट्रेंटची परिषद संपून दहा वर्षे होतात न होतात तोच, १५७३ मध्ये, एकनाथांनी वाराणसीत आपले भागवत पूर्ण केले. संस्कृत प्रमाणग्रंथाला धक्का न लावता देशभाषेतील विवरणाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणारी ही परंपरा स्टीफन्स यांच्यासमोर तयार होती. युरोपातील परिषदेने ठेवलेली फट आणि महाराष्ट्रातील ओवीपरंपरेने घडवलेला साचा एकमेकांत बसले. ‘ख्रिस्तपुराणा’चा उगम या योगात आहे.

ट्रेंटचे निर्णय गोव्यात आणण्याचे काम प्रांतिक परिषदांनी केले. १५६७ मध्ये पहिली, त्यानंतर १५७५, १५८५, १५९२ आणि १६०६ मध्ये पुढील परिषदा भरल्या. या परिषदांचे ठराव दुहेरी स्वरूपाचे आहेत. एका बाजूने हिंदूंचे सार्वजनिक विधी, देवळे, पुराणिक आणि पुरोहित यांच्यावर बंधने. दुसऱ्या बाजूने धर्मगुरूंनी देशी भाषा शिकावी, असा आग्रह. १६०६ च्या परिषदेने तर देशी भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे पॅरिश सोपवू नये, असे ठरवले. ज्या भाषेतील जुने ग्रंथ नवख्रिस्त्यांच्या हातून काढून घ्यावयाचे, तीच भाषा धर्मगुरूंनी आत्मसात करावयाची. या विरोधात केवळ राजकीय सोय पाहणे अपुरे आहे. बंदीने निर्माण केलेली रिकामी जागा त्या भाषेतच भरून काढणे भाग होते.

४

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये ते गोव्यात पोहोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे बहुतेक आयुष्य त्यांनी साष्टीत घालवले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ‘पहिले पुराण’ ३६ अवस्वरूंचे, ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरूंचे, आणि एकूण ओव्या सुमारे अकरा हजार, असा त्याचा विस्तार आहे.

पुराणाच्या आरंभीच त्याच्या निर्मितीचे कारण कथारूपाने आले आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विनंती करतो : आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हांला का देत नाही? या प्रसंगाकडे अभ्यासकांनी पुष्कळदा काव्यातील रूढ प्रस्तावना म्हणून पाहिले आहे. प्रत्यक्षात प्रांतिक परिषदांच्या ठरावांचा इतका अचूक वाङ्मयीन परिणाम दाखवणारा दुसरा पुरावा सापडणे कठीण. बंदी कायद्याच्या भाषेत आली. तिची वेदना काव्यात, श्रोत्याच्या तोंडून आली. बंदीचा उच्चार करणारी संस्था आणि त्या बंदीने निर्माण केलेली तहान मान्य करणारा कवी एकाच धर्मसंघटनेचे आहेत. कवीने तो प्रश्न दडपला नाही, तर त्यालाच ग्रंथाचा दरवाजा केले. ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचा हा पहिला पुरावा होय.

प्रश्नोत्तरांच्या रचनेचाही येथे विचार केला पाहिजे. ट्रेंटनंतरच्या युरोपीय धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत प्रश्न बहुधा गुरू विचारतो आणि शिष्य पाठ केलेले उत्तर देतो. ती परीक्षेची रचना आहे. पुराणात मात्र श्रोता विचारतो आणि वक्ता सांगतो. शौनकादिकांच्या जिज्ञासेशिवाय सूताला बोलण्याचे कारणच नसते. स्टीफन्स यांनी ही दुसरी रचना स्वीकारली. जपानमधील जेझुइटांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज प्रश्नोत्तरीचे रूपांतर करताना शिष्याला प्रश्नकर्ता केले, हे येथे तुलनेसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आशियातील श्रोत्यापुढे जाताना परिषदेचा सिद्धान्त तोच राहिला, परंतु बोलण्याचा क्रम उलटला. श्रोत्याला शंका घेण्याचा हक्क मिळाला की केवळ आज्ञा करून भागत नाही. पटवून द्यावे लागते, आणि पटवून देण्यासाठी काव्य लागते.

शब्दकळेच्या पातळीवर हाच ताण अधिक सूक्ष्मपणे दिसतो. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’, तारणासाठी ‘मुक्ती’ असे परंपरेने भारलेले शब्द कवी निःशंकपणे वापरतो. परंतु पवित्र आत्म्याचा उल्लेख लॅटिन-पोर्तुगीज रूपातच येतो. संस्कारांची नावेही परकीय राहतात. हा केवळ शब्दसंग्रहाच्या मर्यादेचा प्रश्न नव्हे. मराठीवर एवढे प्रभुत्व असलेल्या कवीला तेथे पर्याय सुचला नसेल, हे संभवत नाही. कथन आणि वर्णन जेथे आहे तेथे शब्द देशी आहे. परिषदेने व्याख्या करून सीमा आखली आहे तेथे शब्द परका आहे. परिषदांच्या व्याख्यांनी जणू भाषेच्या नकाशावर काही राखीव जागा आखून दिल्या होत्या. त्या जागांच्या बाहेर मात्र ओवी मोकळेपणाने वाहते. मराठीची थोरवी गाताना रत्ने, फुले, सुगंध, पक्षी अशा उपमांची जी माला कवी गुंफतो, ती ज्ञानेश्वरपरंपरेतील देशीभाषेच्या गौरवाशी नाते सांगणारी आहे.

ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षकही बोलके आहे. ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे ‘दिस्कुर्सो’, म्हणजे विवेचन, असे ते शीर्षक आहे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे हा ग्रंथ विवेचन म्हणून गेला; श्रोत्यांपुढे तो पुराण म्हणून गेला. बायबलचे भाषांतर म्हणून तो आला असता तर लोकभाषेतील बायबलावरील नियमांची आडकाठी त्याला झाली असती. तो भाषांतर नसल्यामुळेच शक्य झाला. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्स यांनी देशी लिपीत छपाई करण्याची इच्छा आपल्या वरिष्ठांना कळवली होती. ती सफळ झाली नाही आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला. भाषा मिळाली, लिपी मिळाली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पुराणाचा आकृतिबंध ट्रेंटच्या निर्बंधांमुळे आला असे म्हणणे म्हणजे कवीच्या प्रतिभेला कमी लेखणे नव्हे काय? शिवाय लोकांच्या रीतींशी जुळवून घेण्याची पद्धत चीनमध्ये रिच्ची आणि मदुराईत दे नोबिली यांनीही अवलंबिली होतीच. युरोपातही बायबलची कथा अभिजात काव्यप्रकारात सांगण्याची प्रथा होती. १५३५ मध्ये ‘ख्रिस्तियास’ हे व्हर्जिलच्या वळणाचे लॅटिन महाकाव्य प्रसिद्ध करणारे व्हिदा हे बिशप या नात्याने पुढे ट्रेंटच्या परिषदेतही बसले होते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु व्हिदा यांच्या वाचकापाशी लॅटिन बायबल होते. महाकाव्य ही त्याच्यासाठी अधिकची शोभा होती. साष्टीच्या श्रोत्यापाशी त्याच्या भाषेतील बायबल नव्हते. त्याच्यासाठी पुराण हेच बायबल होते. निर्बंधाने प्रतिभा निर्माण होत नाही हे खरे. परंतु प्रतिभेवर किती भार पडणार, हे निर्बंध ठरवतो. ‘ख्रिस्तपुराणा’ला जो भार वाहावा लागला, तो युरोपातील कोणत्याही बायबलाधिष्ठित महाकाव्याने वाहिलेला नाही.

५

स्टीफन्स यांच्या मागून एत्येन द ला क्रुआ यांचे संत पीटरच्या चरित्रावरील पुराण, आंतोनियु द साल्दान्य यांचे संत अँथनीवरील लेखन अशी परंपरा काही दशके चालली. पुढे राज्यकर्त्यांचे धोरण फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी तीन वर्षांत देशी भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज बोलावी, असा आदेश काढला. प्रांतिक परिषदांनी धर्मगुरूंना देशी भाषा शिकावयास सांगितले होते. आता लोकांनाच धर्मगुरूंची भाषा शिकावयास सांगण्यात आले. गोव्यात पुराणाची वाट आक्रसली. परंतु गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या कॅनरातील ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांच्या रूपाने ते जपले. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून ‘ख्रिस्तपुराणा’ची आवृत्ती काढली, ती अशा हस्तलिखितांच्या आधारे.

श्रीरंगपट्टणच्या बंदिवासातील पुराणाची परंपरा या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. बंदी समाजापाशी चर्च नव्हते, नियमित मिस्सा नव्हता, लॅटिन विधी करणारे धर्मगुरू नव्हते. परिषदेने ज्यांना केंद्रस्थान दिले, ते सर्व हरपले होते. उरले ते परिषदेने गौण मानलेले लोकभाषेतील विवरण. तेही अशा लोकांपाशी, ज्यांची घरातली बोली कोकणी होती आणि ज्यांच्या आजूबाजूची भाषा कन्नड होती. कागदोपत्री पुरावा या परंपरेला कितपत आधार देतो, हा प्रश्न वेगळा. परंतु समाजाने आपल्या तगून राहण्याचे श्रेय एका मराठी काव्याला द्यावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात लहान नाही.

बंदिवास संपल्यावर या विखुरलेल्या ख्रिस्ती समाजात काम करण्यासाठी आले ते फ्रेंच मिशनरी आबे द्युब्वा. हिंदूंच्या आचारविचारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. म्हैसूर प्रदेशात दीर्घकाळ राहून ते १८२३ मध्ये भारतातून परतले, आणि त्याच वर्षी भारतातील ख्रिस्ती धर्माच्या स्थितीविषयीची त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी चालवलेल्या बायबलच्या भारतीय भाषांतरांना त्यांनी या पत्रांत कसून विरोध केला. पूर्वतयारी नसलेल्या हिंदू वाचकाच्या हाती उघडे बायबल देणे हितकारक नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ट्रेंटनंतरची भूमिका अडीचशे वर्षांनी म्हैसूरच्या मातीत पुन्हा बोलली. हेच द्युब्वा पंचतंत्राचे फ्रेंच भाषांतर करतात, हा योगायोग मार्मिक आहे. भारताची कथा युरोपात नेण्यास त्यांना संकोच नव्हता. बायबलची कथा विवरणाच्या आवरणाशिवाय भारतीय भाषेत आणण्यास होता.

द्युब्वा यांना जे नको होते ते मराठीत एव्हाना सुरू झाले होते. १८११ मध्ये सेरामपूरहून विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने मराठी नवा करार निघाला. पुढे प्रॉटेस्टंट परंपरेतून बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी, पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर, रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ अशी समृद्ध निर्मिती झाली. या शतकात कॅथलिक मराठीचा आवाज त्यामानाने क्षीण राहिला. १८६९–७० ची पहिली व्हॅटिकन परिषद पोपच्या प्रमादरहित अधिकाराच्या सिद्धान्तात गुंतली होती. लोकभाषांच्या प्रश्नाला तिने स्पर्श केला नाही. मराठी ख्रिस्ती गद्याची जडणघडण अशा रीतीने ज्यांनी कोणतीही वैश्विक परिषद भरवली नाही, त्यांच्या हातून झाली.

६

पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये घोषित केलेली दुसरी व्हॅटिकन परिषद ११ ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ रोजी संपली. तिच्या सोळा दस्तऐवजांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत. उपासनाविधीविषयक संविधानाने (१९६३) लॅटिनचे स्थान तत्त्वतः कायम ठेवून लोकभाषेला विधीत प्रवेश दिला. ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या संविधानाने (१९६५) बायबल सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध झाले पाहिजे, त्याची भाषांतरे मूळ भाषांवरून व्हावीत आणि ती इतर ख्रिस्ती पंथीयांच्या सहकार्यानेही करता येतील, असे सांगितले. ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्राने (१९६५) त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. परिषद चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईत आले आणि त्यांनी आपल्या भाषणात बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा आधार घेतला. ज्या गोव्यात नवख्रिस्त्यांची पुराणे वर्ज्य झाली होती, त्याच्या शेजारच्या महानगरात पोपच्या मुखी उपनिषद आले.

या परिवर्तनाला भारतीय रूप देण्याचे मोठे काम अमलोरपवदास यांनी केले. बेंगळुरू येथील राष्ट्रीय धर्मशिक्षण व उपासना केंद्राचे ते संस्थापक संचालक. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी मान्य केलेल्या बारा अनुकूलनांत अनवाणी येणे, भुईवर बसणे, अंजली जोडून वंदन करणे, आरती ओवाळणे यांसारख्या गोष्टी होत्या. पुढे त्यांनी म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अध्यासनाची धुरा वाहिली आणि अंजली आश्रमातून ध्यान, वास्तुरचना व उपासना यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. १९९० मध्ये अपघाताने त्यांचा अंत होईपर्यंत हे कार्य चालू होते. म्हैसूरमध्येच १९३० च्या दशकात उभे राहिलेले सेंट फिलोमिना चर्च कोलोनच्या कॅथीड्रलची आठवण करून देणाऱ्या गॉथिक शैलीचे आहे. एका शहरातील या दोन वास्तू दोन परिषदांच्या दोन कल्पनांसारख्या उभ्या आहेत.

तथापि परिषदेने लोकभाषेला दार उघडले म्हणजे नेमकी कोणाची भाषा आत आली, हा प्रश्न उरतोच. आरती, आश्रम, उपनिषद ही चिन्हे भारतीय आहेत, परंतु ती संपूर्ण भारताची आहेत काय? १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईशज्ञानाची मांडणी करताना भारतीय ख्रिस्ती चिंतनावरील ब्राह्मणी परंपरेच्या वर्चस्वाकडे बोट दाखवले. हा प्रश्न मागे नेला तर तो ‘ख्रिस्तपुराणा’लाही लागू पडतो. पुराण मागणारा श्रोता ब्राह्मण आहे; चर्चमध्ये त्याच्याबरोबर बसणाऱ्या इतरांना कशाची तहान होती, हे ग्रंथ सांगत नाही. परिषदा भाषेला परवानगी देतात, पण भाषेच्या आतील उतरंड त्या पाहत नाहीत. स्टीफन्स आणि अमलोरपवदास यांच्यातील खरे साम्य त्यांच्या औदार्यात आहे, तसेच या मर्यादेतही आहे.

महाराष्ट्रात परिषदेचा परिणाम सर्वांत ठळकपणे वसईत दिसतो. मिस्सा मराठीत आला. ‘सुवार्ता’ मासिकाने धर्मप्रांताच्या सीमा ओलांडून सामाजिक व वाङ्मयीन चर्चेचे व्यासपीठ उभे केले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘सुबोध’ हे विशेषण सहज आलेले नाही. ट्रेंटनंतरच्या नियमांना बायबल सुबोध होण्याचीच भीती होती. व्हॅटिकनच्या परिषदेला ते सुबोध न राहण्याची चिंता होती. एका कॅथलिक धर्मगुरूने बायबल गद्यात, भाष्याच्या आधारासह आणि सर्वसामान्य मराठी वाचकासाठी सादर करणे, हे या पालटाचे मराठीतील फलित होय. या लाभाची किंमतही नोंदवली पाहिजे. पुराणाच्या ओवीला कथेची सत्ता होती. श्रोता तिच्यात बुडून जाई. सुबोध गद्यात अर्थ स्वच्छ होतो, पण ती सामूहिक लय उरत नाही. वसईतील सामवेदी किंवा वाडवळी बोली घरात राहतात आणि उपासनेत प्रमाण मराठी येते. म्हणजे लॅटिन गेले तरी विधीची भाषा आणि चुलीपाशी बोलली जाणारी भाषा यांतील अंतर पूर्ण मिटलेले नाही.

७

या सर्व विवेचनातून एक विरोधाभास समोर येतो. ‘ख्रिस्तपुराणा’ने लोकभाषेची बाजू अशा काळात राखली, जेव्हा परिषदेने तिला केवळ विवरणाचे स्थान दिले होते. परिषदेने जेव्हा लोकभाषेला वेदीवर बोलावले, तेव्हा ज्या समाजांनी हा ग्रंथ जपला होता त्यांची लोकभाषा मराठी नव्हती. गोव्यात आणि मंगळूरमध्ये उपासना कोकणीत आली, म्हैसूरमध्ये कन्नड व तमिळमध्ये. पुराणाची मराठी तेथे पूर्वजांची भाषा होऊन राहिली. महाराष्ट्रात मराठी होती, परंतु तेथील कॅथलिक समाजाच्या उपासनेत पुराणाची अखंड परंपरा नव्हती. तेथे ते आले ते १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी काढलेल्या देवनागरी आवृत्तीतून, अभ्यासक्रमातील ग्रंथ म्हणून. ज्याने समाज जपला त्याला भाषा उरली नाही आणि ज्याच्यापाशी भाषा होती त्याच्यापाशी समाज नव्हता.

फादर नेल्सन फाल्काव यांनी आधुनिक मराठी रूपांतरासह काढलेली आवृत्ती २००९ मध्ये बेंगळुरूहून प्रसिद्ध झाली, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे. पुराणाचा प्रवास पुन्हा कर्नाटकातून झाला. गं. ना. मोरजे, अ. का. प्रियोळकर, श्री. म. पिंगे यांसारख्या संशोधकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पाया घातला आहे. परंतु त्या वाङ्मयाचा विचार राज्यांच्या आणि आजच्या भाषिक अस्मितांच्या सीमेत केला की हा प्रवास दिसेनासा होतो. ‘ख्रिस्तपुराण’ मराठीचे की कोकणीचे, हा वाद जितका झाला, तितका ते कोणासाठी आणि कोणत्या निर्बंधाखाली बोलले, याचा विचार झाला नाही.

वैश्विक परिषदेचा निर्णय एका नगरात होतो. त्याचा अर्थ मात्र दूरच्या गावांत, वेगळ्या भाषांत आणि पुष्कळदा शतकांनंतर ठरतो. ट्रेंटने ज्या विवरणाला दुय्यम मानले, त्याने आपल्याला तारले असे श्रीरंगपट्टणची परंपरा सांगते. व्हॅटिकनच्या परिषदेने ज्या लोकभाषेचा गौरव केला, तिच्या आतील विषमता म्हैसूर आणि वसई येथील अनुभवांनी उघड केली. परिषदांच्या दस्तऐवजांत या दोन्ही गोष्टी आढळणार नाहीत. त्या आढळतात ओवीत, बोलीत आणि मिस्साला बसलेल्या माणसाच्या भाषेत. परिषदांचा इतिहास पूर्ण करावयाचा तर तौलनिक अभ्यासकाला तेथेच जावे लागेल.